सफवी चित्रकला सुट्या पानांवरून शिकवावी का?

बैतवाला : इराणच्या सफवी घराण्यातल्या शाह तहमास्पसाठी तब्रीझमध्ये तयार झालेल्या शाहनाम्यात, म्हणजे इराणी राजांच्या महाकाव्याच्या पोथीत, २५८ चित्रं होती. १९५९ मध्ये तो आर्थर हॉटन या अमेरिकन संग्राहकाकडे आला आणि त्यांनी तो फोडला. ७८ चित्रं न्यू यॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाला गेली, बरीच लिलावात पांगली. उरलेली ११८ चित्रं, मजकुराची पानं आणि बांधणी १९९४ मध्ये इराणला मिळाली. अशी सुटी पानं दाखवून सफवी कला शिकवणं थांबवावं, असं माझं ठाम मत आहे.

लेखनिक आधी लिहायचा, चित्राची जागा कोरी सोडून. भरलेल्या पानावर चार रकाने, २२ ओळी. प्रसंगाची बैत, म्हणजे दोन चरणांचं कडवं, चित्राला अगदी टेकून यायला हवी. ती लवकर येतेय असं दिसलं, की इराणी पोथ्यांचे लेखनिक आधीच्या पानावर बैती तिरक्या लिहून जागा खात. ओळी तिरक्या झाल्या की जाणत्याला कळतं, पान उलटताच चित्र आहे. चौकटीत लावलेल्या पानाला यातलं काही उरत नाही.

जंगाल : पोथी फोडली ते वाईटच झालं, पण तुमचा निष्कर्ष मान्य नाही. हिरव्यासाठी वापरलेला जंगाल, म्हणजे तांब्याचा हिरवा गंज, कागद जाळतो, पान ठिसूळ होऊन रंगाच्या कडेनेच फाटतं. पाण्यासाठी लावलेली चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते. मग नवखे लिहितात, ‘चित्रकाराने ओढा काळा रंगवलाय’. हे तपासायला पान सपाट ठेवून एका बाजूने तिरपा प्रकाश टाकावा लागतो. बांधलेल्या पोथीत शिवणीजवळचा भाग वळलेलाच राहतो, आणि दर उघडझाकीला जाड रंगाचे पोपडे सुटतात. या पोथीच्या चित्रकारांपैकी सुलतान मुहम्मदचा हात कुठला आणि मीर मुसव्विरचा कुठला, हेही पानं शेजारी ठेवूनच ठरतं.

बैतवाला : हात ओळखलात, पण अर्थाचं काय? सुलतान मुहम्मदचं ‘गयूमर्सचा दरबार’ घ्या; गयूमर्स हा शाहनाम्यातला पहिला राजा. ते आज टोरांटोच्या आगा खान म्युझियममध्ये आहे. बिबट्याची कातडी पांघरलेली माणसं, माणसाळलेली श्वापदं, खडकांत दडलेले चेहरे, चौकट ओलांडून समासात शिरलेले कडे. एकटं पाहिलं तर नंदनवन वाटतं. कथेत मात्र लगेच त्याचा मुलगा सियामक याला काळा दैत्य मारतो, आणि नातू हुशंग वाघ-सिंहांची फौज घेऊन सूड उगवतो. न्यायी राजापुढे श्वापदंही शांत होतात, तरी राज्य टिकवायला फौज लागतेच. हा राजनीतीचा धडा क्रमातच आहे.

दफ्तरी : बैतवाला यांच्या बाजूने एक भर. तहमास्पने हा ग्रंथ १५६८ मध्ये उस्मानी सुलतान दुसरा सलीम याला नजर केला. शिया दरबाराकडून सुन्नी सुलतानाला इराणी राजांचा अख्खा इतिहास गेला, सुटी चित्रं नव्हेत. पुढे १८०० च्या सुमारास इस्तंबूलमध्ये चित्रांसमोर पातळ कागद घालून त्यावर प्रसंग तुर्कीत लिहिले गेले. म्हणजे तिथेही तो वाचला जात होता.

जंगाल : क्रम हवाच, तो छापील प्रतीवरून आधी शिकवा. पण चांदी नंतर काळी पडली, का पाणी मुळातच काळं रंगवलं होतं, हे छापील प्रत सांगणार नाही. त्यासाठी विद्यार्थ्याला भिंग घेऊन मूळ पानापुढेच बसवावं लागेल.