जुन्या जोडघरात लाकडाचा स्टोव्ह बसवायचा आहे, सुरक्षिततेसाठी काय काय पाहावे?

वेअरकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आम्ही इंग्लंडच्या ईशान्य भागात, डरहॅमजवळच्या एका गावात, १९३० च्या दशकात बांधलेल्या जोडघरात राहतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आर्वेन वादळाने या पट्ट्यातील अनेक घरांची वीज कित्येक दिवस घालवली होती. आम्ही तेव्हा इथे नव्हतो, पण शेजारी अजूनही तो विषय काढतात. गॅसचा बॉयलर असला तरी वीज गेली की त्याचा पंप बंद पडतो आणि घर काही तासांत गारठते, हे आम्हीही गेल्या हिवाळ्यात अनुभवले. म्हणून बैठकीच्या खोलीत लाकडाचा स्टोव्ह बसवून घ्यावा, असा विचार आहे.

खोली साधारण ४.५ मीटर लांब, ३.६ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच आहे. जुन्या फायरप्लेसच्या जागी सध्या गॅसचा हीटर आहे आणि त्यामागे विटांचे मूळ धुराडे आहे. दुकानदाराने "थंडी फार असते, ८ किलोवॉटचाच घ्या" असे सुचवले. माझे मेहुणे यांत्रिकी अभियंता आहेत. नळी आणून आपणच बसवू, दोन शनिवार-रविवारचे काम आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. साताऱ्याच्या घरी आम्ही रोज बंब पेटवत असू आणि त्यासाठी कोणाचे प्रमाणपत्र कधी लागले नाही, त्यामुळे मलाही ते पटू लागले आहे. घरात दोन लहान मुले आहेत, आणि दिवाळीनंतर आई इथे राहायला येते, तिला सौम्य दमा आहे. स्वतः बसवणे कायद्याला धरून आहे का, किती क्षमतेचा स्टोव्ह घ्यावा आणि आधी काय तपासावे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

विटाचुना

मी लीड्समध्ये घरांच्या तपासणीचे काम करतो आणि अशी जोडघरे पुष्कळ पाहिली आहेत. माझ्या मते तुम्ही उलट्या टोकाने सुरुवात केली आहे. कोणता स्टोव्ह घ्यायचा हे सर्वांत शेवटी ठरवावे. आधी धुराडे पाहावे, कारण धोका बहुतेक वेळा तिथेच लपलेला असतो.

कायद्याचे आधी सांगतो. इंग्लंडमध्ये स्टोव्ह बसवणे हे बांधकाम नियमांखाली सूचना देण्याजोगे काम आहे. मेहुण्यांनी काम करणे बेकायदा नाही, पण मग सुरुवात करण्यापूर्वी कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोल विभागाला कळवून, शुल्क भरून, त्यांच्याकडून तपासणी करून घ्यावी लागते. हेटासकडे (लाकूड-कोळशाचे स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था) नोंदणी असलेल्या कारागिराने काम केले तर तो स्वतःच नियमपूर्ततेचे प्रमाणपत्र देऊ शकतो. दोन्हींपैकी काहीच नसेल तर घर विकताना वकील तो कागद मागतात, आणि दुर्दैवाने आग लागलीच तर विमा कंपनीही मागते. नियमांचा तपशील 'अप्रूव्हड डॉक्युमेंट जे' या सरकारी पुस्तिकेत आहे. ती मोफत मिळते आणि मेहुण्यांनी ती आधी वाचावी.

आता धुराड्याकडे वळू. गॅसचा हीटर काढण्याचे काम गॅस सेफ (गॅसची कामे करणाऱ्यांची अधिकृत नोंदणी) नोंदणी असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. तो निघाला की मागच्या कोनाड्यात जुना बॅक बॉयलर तर नाही ना, हे पाहा. त्या काळातील अनेक घरांत चुलाण्यामागे पाणी तापवणारी लोखंडी टाकी बसवलेली असे. पुढे ती वापरातून गेली आणि कोणीतरी तिचे पाइप कापून दोन्ही टोके बंद करून टाकली, असे प्रकार सर्रास आढळतात. अशा बंद टाकीत पाणी शिल्लक राहिले असेल आणि तिच्यासमोर कोणी जाळ केला, तर वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि टाकीचा स्फोट होतो. या देशात असे जीवघेणे अपघात झालेले आहेत. ती टाकी काढून टाकणे हाच उत्तम मार्ग आहे.

त्यानंतर धुराड्याच्या आतल्या बाजूचा प्रश्न येतो. तुमच्या घराच्या काळातील धुराडे साधारण नऊ इंच चौरस, आतून चुन्याचा गिलावा केलेले असते. नव्वद वर्षांत काजळीतील आम्ल आणि पावसाची ओल यांमुळे तो गिलावा सुटतो, विटांमधील सांधे मोकळे होतात आणि धूर भलत्याच खोलीत शिरू लागतो. जोडघरात तर दोन घरांची धुराडी एकाच उभारणीत असतात आणि त्यांच्यामध्ये बहुधा एकाच विटेची आडभिंत असते. ती आडभिंत वर कुठेतरी ढासळली असेल, तर तुमच्या स्टोव्हमधील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू शेजाऱ्यांच्या शयनगृहात पोहोचू शकतो, आणि त्यांना त्याचा वासही येणार नाही. म्हणून धुराची चाचणी (धुराड्यात धूर सोडून तो कुठे गळतो ते पाहणे) होईल तेव्हा शेजाऱ्यांना विनंती करून त्यांच्याकडील वरच्या खोल्या आणि पोटमाळाही पाहायला लावा. पुष्कळ कारागीर हे टाळतात, पण तुम्ही आग्रह धरा.

एवढ्या मोठ्या धुराड्यात छोट्या स्टोव्हचा धूर वर जाता जाता थंड होतो आणि भिंतींवर डांबरासारखा चिकट थर साचतो. पुढे हाच थर पेट घेतो. त्यामुळे स्टेनलेस स्टीलचा, दोन पदरी, लवचिक लायनर (धुराड्याच्या आत घालायची नळी) वरपासून खालपर्यंत घालणे हाच व्यवहार्य उपाय आहे. त्याचा व्यास सामान्यतः १५० मिलिमीटर असावा लागतो. धूर-नियंत्रण क्षेत्रासाठी (जिथे धुराड्यातून धूर सोडण्यावर निर्बंध असतात) मान्यता मिळालेल्या स्टोव्हला, उत्पादकाची संमती असेल तर, १२५ मिलिमीटर चालतो. एकूण उंची ४.५ मीटरच्या आसपास किंवा अधिक असेल तर चांगली ओढ मिळते. दुमजली घरात ही अडचण सहसा येत नाही. गॅस हीटरसाठी आधीच एखादा लायनर घातलेला असेल तर तोच वापरण्याचा मोह टाळा. तो पातळ, एकपदरी असतो आणि लाकडाच्या धुरासाठी बनवलेला नसतो.

८ किलोवॉटचा सल्ला मला मान्य नाही. तुमच्या खोलीचे घनफळ सुमारे ३९ घनमीटर भरते. दर १४ घनमीटरला एक किलोवॉट असा ढोबळ हिशेब या धंद्यातच वापरतात. त्याप्रमाणे तुम्हाला तीन किलोवॉटही पुरतात, फार तर पाच घ्या. मोठा स्टोव्ह घेतला की खोली तापून असह्य होते, मग लोक हवेची झडप आवळून तो धुमसत ठेवतात, आणि धुमसत्या लाकडाइतका डांबरी थर दुसरे काहीच तयार करत नाही. शिवाय जुन्या, फटींतून वारा येणाऱ्या घरात पाच किलोवॉटच्या वरच्या प्रत्येक किलोवॉटमागे ५५० चौरस मिलिमीटर कायम उघडी राहणारी हवेची वाट ठेवावी लागते. म्हणजे त्या दुकानदाराचे ऐकले, तर आधी भिंतीला १,६५० चौरस मिलिमीटरचे भोक पाडायचे आणि मग त्यातून येणारा गार वारा तापवत बसायचे! मात्र घर नव्याने फटी बुजवून बंदिस्त केले असेल तर छोट्या स्टोव्हलाही वाट ठेवावी लागते, म्हणून हे मोजमाप करूनच ठरवावे.

स्टोव्हखालचा चौथरा न जळणाऱ्या साहित्याचा हवा. चौथऱ्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाणार नाही अशी उत्पादकाची हमी असेल तर १२ मिलिमीटर जाडीची फरशी पुरते, अन्यथा १२५ मिलिमीटरचा भक्कम थर लागतो. उघड्या, एकपदरी नळीपासून लाकडी वस्तू नळीच्या व्यासाच्या तिप्पट अंतरावर ठेवायच्या असतात, म्हणजे १५० च्या नळीसाठी ४५० मिलिमीटर. फायरप्लेसवर हौसेने लावलेली जुन्या ओकची तुळई नेमकी या अंतराच्या आत येते. छायाचित्रांत ती फार सुंदर दिसते, पण मी मात्र ती काढायला सांगतो.

नीलमोहर

मी श्वसनविकारांच्या विभागात काम करते, म्हणून आईंविषयी लिहिते. वरील सर्व तांत्रिक माहिती योग्य असली, तरी उत्तम बसवलेला स्टोव्हही दार उघडले की खोलीत सूक्ष्म कण सोडतो, आणि लाकूड टाकण्यासाठी दार उघडावेच लागते. जानेवारी २०२२ पासून नव्या स्टोव्हना इकोडिझाइनचे (प्रदूषण कमी ठेवण्याचे) निकष लागू झाले आहेत आणि नवे स्टोव्ह जुन्यांपेक्षा पुष्कळच स्वच्छ जळतात. परंतु 'पुष्कळ स्वच्छ' म्हणजे निर्धोक नव्हे. दम्याच्या रुग्णाने रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसावे, असा सल्ला मी देणार नाही.

साताऱ्याच्या बंबाशी तुलना केलीत, त्याबद्दल एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. बंब अंगणात किंवा न्हाणीच्या बाहेर पेटत असे आणि घरावर कौले असत. धुराला निघून जायला शंभर वाटा होत्या. येथील घर दुहेरी काचांनी बंद केलेले असते, त्यामुळे धुराड्याने पाठ फिरवली तर धुराला माणसांच्या फुप्फुसांखेरीज दुसरी जागा नसते.

वीज गेल्यावरची सोय हाच मुख्य हेतू असेल, तर स्टोव्ह तेवढ्यासाठीच राखून ठेवा आणि एरवी बॉयलरवर भागवा. तुमचा पत्ता धूर-नियंत्रण क्षेत्रात येतो का, हेही कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. येत असेल तर सरकारी मान्यता यादीतील स्टोव्हच घ्यावा लागेल, आणि धुराड्यातून धूर निघत राहिला तर ३०० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

वेअरकाठ

दोघांचेही मनापासून आभार. गॅसच्या माणसाला बोलावून हीटर काढून घेतला. मागे खरोखरच लोखंडी टाकी आहे आणि तिचे तांब्याचे दोन पाइप ठोकून चपटे केलेले आहेत. मेहुण्यांना छायाचित्र पाठवले, तेव्हापासून त्यांनी शनिवार-रविवारचा विषय काढलेला नाही. आता हेटास नोंदणी असलेल्या दोघांकडून अंदाजपत्रके मागवली आहेत. स्टोव्ह ५ किलोवॉटच्या आतलाच घेऊ आणि आई असताना तो फक्त वीज गेल्यावर पेटवू, असे घरात ठरले. रोजच्या वापरातील काळजीबद्दल कोणी सांगू शकेल का? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नेमका कुठे लावावा, यावरही दोन मते ऐकली.

डोंगरवाट

आम्ही कंब्रियात राहतो आणि आमच्याकडे बरीच वर्षे स्टोव्ह आहे, म्हणून वापराविषयी लिहितो.

लाकूड वाळलेले असणे ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडातील ओल २० टक्क्यांच्या आत असावी लागते आणि त्यावर 'रेडी टू बर्न' अशी खूण असते. ओल मोजण्याचे छोटे यंत्र स्वस्तात मिळते, पण ओंडक्याच्या बाहेरच्या सालीवर ते टेकवून काही कळत नाही. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजावे. रंग दिलेल्या फळ्या, जुने फर्निचर, समुद्रकाठी सापडलेले खारट लाकूड यांपैकी काहीही जाळू नये. रात्री झोपताना झडप आवळून निखारे सकाळपर्यंत धुमसत ठेवण्याची सवय अनेकांना असते, ती लावून घेऊ नका.

धुराडे वर्षातून किमान एकदा, आणि नियमित वापर असेल तर दोनदा, व्यावसायिकाकडून झाडून घ्यावे. तुमच्यासारखा क्वचित वापर असेल तर हंगामापूर्वीची सफाई मुळीच चुकवू नका, कारण न वापरलेल्या धुराड्यात वसंतात जॅकडॉ नावाचे छोटे कावळे काटक्या भरून ठेवतात. वरच्या टोकाला पक्षिरोधक जाळीची टोपी लायनरबरोबरच बसवून घ्या.

राख थंड झाली असे हाताला वाटले तरी तिच्यात निखारा जिवंत असतो. झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून ती घराबाहेर, दगडावर किंवा काँक्रीटवर ठेवावी. प्लॅस्टिकच्या कचरापेटीत किंवा लाकडी ओट्यावर कधीच नाही. मुलांसाठी भिंतीला अडकवता येणारा लोखंडी कठडा घ्या, नुसता समोर उभा करायचा नको. स्टोव्हची काच किती तापते, हे मुलांना सांगून समजत नाही.

अलार्मबाबत नियम स्पष्ट आहे. ज्या खोलीत स्टोव्ह, त्याच खोलीत अलार्म, आणि स्टोव्हपासून आडव्या अंतराने एक ते तीन मीटरवर. छतावर लावला तर भिंतीपासून किमान ३०० मिलिमीटर दूर ठेवावा. भिंतीवर लावला तर दारे-खिडक्यांच्या वर, शक्य तितका उंच, पण छतापासून १५० मिलिमीटर खाली. वरच्या शयनगृहांतून धुराडे जात असेल तर तिथेही एकेक लावावा, असे माझे मत आहे. नियम तेवढे मागत नाही, पण विटाचुना यांनी सांगितलेली आडभिंत लक्षात घेता तो खर्च मी नक्की करेन.

काम पूर्ण झाल्यावर कारागिराला स्वयंपाकघरातील धूर ओढणारा पंखा पूर्ण वेगाने चालू ठेवून, दारे-खिडक्या लावून, धूर खोलीत उलटतो का याची चाचणी करायला सांगा. त्या पंख्याची ओढ धुराड्याच्या ओढीपेक्षा जबर ठरली, तर धूर उलटा खोलीत येतो. मग हवेची वाट वाढवावी लागते किंवा पंखाच बदलावा लागतो. धुराड्याची माहिती असलेली पाटी त्याने विजेच्या मीटरजवळ लावली आहे ना, हेही पाहून घ्या. पुढच्या कारागिराला ती पहिल्यांदा लागते.