समुद्रातल्या पवनचक्कीचा पाया: नुसती पोकळ नळी वाळूत ठोकून कसं भागतं?

सेतुबंध:
नमस्कार मंडळी. मी पुलांच्या पायांचं डिझाइन करते, 9 वर्षं झाली. पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेला पायाचा खांब, म्हटलं की डोळ्यांपुढे ठरलेलं चित्र येतं: दीड मीटर व्यासाचे सहा-आठ पाइल, त्यांच्या डोक्यावर सगळ्यांना बांधणारी जाड पाइल कॅप, आणि जमेल तिथे टोक खडकात रुतवलेलं. परवा एका समुद्री पवनचक्कीच्या पायाचं ड्रॉइंग बघायला मिळालं आणि ते चित्रच मोडलं. एकच पाइल. व्यास 8 मीटर, पत्रा 80 मिलिमीटर जाड, लांबी 80 मीटर, त्यातली जेमतेम 32 मीटर समुद्रतळाखाली. खडक नाही, वाळू आणि चिकणमाती. नळीचं तोंड खालून उघडं, आत काँक्रीट नाही.

चक्की आणि मनोरा मिळून हजारएक टन. तेवढ्या वजनाला एवढी अवाढव्य नळी कशाला? आणि ती लागतेच, तर मग जमिनीत एवढी उथळ का? व्यासाच्या फक्त चौपट खोली! आमचे पाइल व्यासाच्या वीस-पंचवीस पट खाली जातात. पुस्तकी उत्तरं वाचली, पण मन मानत नाही. कुणी प्रत्यक्ष हे काम केलं असेल तर सांगा.

ओळंबा:
सेतुबंध ताई, मी 6 हंगाम मोनोपाइल, म्हणजे असे एकटे पाइल, ठोकणाऱ्या जहाजावर होतो. काम सर्व्हेचं: पाइल सरळ उभा आहे की नाही हे बघायचं. टोपणनाव त्यावरूनच घेतलं.

आधी वजन बाजूला ठेवा. हा पाया आडव्या रेट्यासाठी असतो. 8 मेगावॉटच्या चक्कीवर चांगला वारा असताना साधारण 140 टनांचा रेटा येतो. रोटरचा मध्य पाण्यावर 110 मीटर, खाली पाणी 30 मीटर. समुद्रतळापाशी मोमेंट, म्हणजे उलथवू पाहणारा जोर (रेटा गुणिले उंची), झाला जवळपास 20,000 टन-मीटर, आणि लाटा अजून धरल्याच नाहीत. हे तुमच्या नळीवर घालून बघा. वजनामुळे पोलादात येणारा ताण 10 मेगापास्कलच्या आत राहतो, वाकण्यामुळे येणारा 50 च्या आसपास जातो.

तुम्ही म्हणाल, पोलाद 355 मेगापास्कल ताकदीचं असतं, 50 ने त्याचं काय बिघडतं? इथेच खरी मेख आहे. मनोरा, नळी आणि भोवतीची माती मिळून एक लांबलचक काठी होते आणि तिला स्वतःचा झोका असतो. पूर्ण वेगात हा रोटर मिनिटाला 12 फेऱ्या मारतो, म्हणजे 5 सेकंदांना एक. पाती तीन, म्हणून मनोऱ्यासमोरून दर 1.7 सेकंदांनी एक पातं जातं. वादळी लाटा 10 सेकंदांच्या आसपास येतात. या सगळ्यांमधून जी फट उरते, तिच्यात काठीचा झोका बसवायचा, साधारण 4 सेकंदांना. चक्की हळू फिरते तेव्हा पात्यांची वेळही 4 सेकंदांजवळ येते. त्या वेगावर नियंत्रक रोटरला रेंगाळू देत नाही, चटकन पुढे नेतो. नळी बारीक केली की काठी लवचिक होते, झोका लांबतो आणि रोटरच्या फेरीवर जाऊन बसतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्के मिळावेत तसं होतं, तेही 25 वर्षं, कोट्यवधी वेळा. वेल्डला तडे जातात ते अशाने. 8 मीटर व्यास येतो तो मुख्यतः ताठरपणासाठी आणि या थकव्यासाठी.

आता खोली. बारीक पाइल जमिनीत वाकतो, म्हणून त्याला लांबी लागते. ही नळी वाकायच्या आधी अख्खी कलंडू बघते, गुरं बांधायच्या खुंट्यासारखी. वरच्या अंगाला माती एका बाजूने रेटते, तळाशी उलट बाजूने, आणि या दोन रेट्यांत मोमेंट झेलला जातो. अंग रुंद असल्यामुळे कमी खोलीत काम होतं.

पण खुंटा सरळच लागतो. उभं करताना कल पाव अंशाच्या आत ठेवायचा हा नेहमीचा नियम. 80 मीटर नळीच्या माथ्यावर पाव अंश म्हणजे 35 सेंटिमीटर. हे साधायची संधी पहिल्या काही मीटरांतच मिळते. एकदा मातीने नळी धरली की तिला हलवणं कुणाच्या हातात राहत नाही. त्यामुळे सुरुवातीला दोन-चार ठोके, थांबा, काटकोनातल्या दोन जागांवरून माप घ्या, पकड सरकवा, पुन्हा ठोके.

चौथ्या हंगामातला एक पाइल मला अजून दिसतो. 11 मीटर आत गेला होता, घट्ट वाळू, एकेक ठोका मोजून घेत होतो. एकाएकी आवाज बदलला आणि अख्खी नळी हातोड्यासकट 5 मीटर खाली गेली, दोन-तीन सेकंदांत. क्रेनचे दोर ताठ झाले, जहाज हललं. कुणाला काही झालं नाही. घट्ट थराखाली मऊ चिकणमाती होती आणि नळी आपल्याच वजनाने तिच्यात धावली. चक्कीची जागा मागाहून 60 मीटर सरकवली होती, नव्या जागी माती तपासलीच नव्हती. कल मोजला तर 0.19 अंश. आकडा हातात आला तेव्हा मी खाली बसलो.

गाळवाळू:
सरकवलेल्या जागेचं वाचून पोटात गोळा आला. मी माती तपासायला जहाजावरून समुद्रतळात शंकू टोचते, म्हणजे सीपीटी. दर चक्कीला किमान एक टोचणी आणि तीही नेमक्या जागी, हा हट्ट मी कधी सोडला नाही. पुलाच्या आठ पाइलांपैकी एक कच्चा निघाला तर बाकीचे सांभाळून घेतात. इथे सांभाळायला दुसरा नाही.

चौपट खोलीचा हिशेब हाती यायलाही वेळ लागला. मातीला स्प्रिंगा समजायची जुनी रीत तेलाच्या प्लॅटफॉर्मच्या बारीक पाइलांवरून आली. वाळूतले मूळ प्रयोग 1966 मध्ये टेक्सासच्या मस्टँग आयलंडवर झाले, 0.61 मीटर व्यासाच्या पाइलवर, आणि त्यावरून काढलेले मातीच्या प्रतिकाराचे वक्रच मोठ्या नळ्यांना लावत राहिले. मग पिसा (पाइल-सॉइल अ‍ॅनालिसिस) या संशोधन प्रकल्पात इंग्लंडमधल्या काउडनच्या चिकणमातीत आणि फ्रान्समधल्या डंकर्कच्या घट्ट वाळूत 2 मीटर व्यासापर्यंतचे पाइल आडवे ओढून पाहिले. जाडजूड नळी कलंडते तेव्हा तिचा तळ मातीवर घासतो, बाहेरच्या अंगावरही माती उभी घासते, आणि यातून बराच मोमेंट झेलला जातो. जुन्या स्प्रिंगांत हे नव्हतं. नव्या रीतीने नळ्या आखूड झाल्या, पोलाद वाचलं.

ताई, ड्रॉइंगमध्ये स्कावर, म्हणजे पाण्याने पायथ्याची माती धुपणं, बघा. पुलाच्या खांबाशी होतो तोच. प्रवाह नळीला वळसा घालताना पायथ्याशी घोड्याच्या नालेसारखा भोवरा फिरतो आणि वाळू उपसतो. ढोबळ अंदाज व्यासाच्या 1.3 पट, म्हणजे 10 मीटरचा खड्डा. 32 मधून 10 वजा करा. काठी लांबली, झोका बदलला.

सेतुबंध:
झोक्याचं वाचल्यावर डोक्यात उजेड पडला. आम्ही पुलाला कंप तपासतो, पण पायाचा व्यास त्यावरून ठरतो असं कधी झालं नाही. आणखी एक: मनोरा या नळीला जोडतात कसा?

ओळंबा:
या जोडाने अख्ख्या धंद्याला धडा दिलाय. पूर्वी पाइलवर मोठ्या व्यासाचा दुसरा तुकडा टोपीसारखा बसवायचे आणि मधल्या फटीत ग्राउट, म्हणजे सिमेंटचा घट्ट होणारा गारा, भरायचे. दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत, सरळ. 2009-10 च्या सुमारास उत्तर समुद्रातल्या शेकडो चक्क्यांमध्ये हे तुकडे हळूहळू खाली सरकताना आढळले. वाकताना नळी किंचित लंबगोल होते, ग्राउट पोलादापासून सुटतो, घर्षण संपतं. मग जोड शंकूच्या आकाराचा केला, पोलादावर वेल्डच्या कडा काढल्या. आता बहुतेक ठिकाणी फ्लँजला, म्हणजे नळीच्या माथ्यावरच्या जाड कड्याला, सरळ बोल्ट, एम72 चे (72 मिलिमीटर व्यासाचे), शंभराच्या वर. पण तेव्हा हातोडा त्याच फ्लँजवर पडतो. म्हणून प्रत्येक पाइलनंतर मी फ्लँजची सपाटी स्वतः मोजायचो, कुणी सांगितलं नसलं तरी.

पाणकावळा:
ठोकण्याच्या आवाजाबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. पाण्यात तो आवाज फार दूर जातो आणि हार्बर पॉरपॉइजसारखे (डॉल्फिनच्या जातकुळीतला छोटा प्राणी), आवाजावर जगणारे प्राणी जागा सोडून जातात. जर्मनीत 750 मीटरवर एका ठोक्याच्या आवाजाला 160 डेसिबलची मर्यादा आहे. त्यासाठी तळावर भोकं पाडलेला पाइप गोल अंथरून हवा सोडतात. बुडबुड्यांची भिंत उठते आणि आवाज अडतो. मी ती भिंत चालू-बंद असतानाची मापं घेतली आहेत, फरक मोठा असतो.

आणि हातोडा सगळीकडे चालतोच असं नाही. डेन्मार्कच्या व्हिंडेबीला 1991 मध्ये पहिल्या 11 चक्क्या काँक्रीटच्या बैठकीवरच उभ्या केल्या. फ्रान्समधल्या फेकाँला तळ कठीण, म्हणून तिथे 71 पाये काँक्रीटचे, प्रत्येकी सुमारे 5,000 टनांचे. तिथे मात्र ताई, वजनच पाया आहे.

सेतुबंध:
रात्री ड्रॉइंग पुन्हा उघडलं. पाइलभोवती स्कावर रोखायला दगडांचा थर दाखवलाय, पहिल्यांदा नजरेतून सुटला होता. मग साधं मॉडेल करून झोका काढला. समुद्रतळाशी घट्ट धरून 3.5 सेकंद आला, मातीच्या स्प्रिंगा घातल्या तर 4.0. दगड काढून वरची 4 मीटर माती गेली असं धरलं तर 4.3. गाळवाळू, स्प्रिंगा मी जुन्या रीतीच्या घातल्यात. पिसाच्या रीतीने करायला तुमच्या टोचणीतले कुठले आकडे घेऊ?

गाळवाळू:
वाळूसाठी सापेक्ष घनता, चिकणमातीसाठी अपरूपण ताकद, आणि दोन्हीसाठी अगदी लहान विकृतीवरचा ताठरपणा. तो तिसरा आकडा साध्या टोचणीतून थेट मिळत नाही. शंकूत कंपमापक बसवून लाटेचा वेग मोजावा लागतो. अहवालात तसं एखादं भोक घेतलंय का, ते आधी बघा.