स्टुडंट वर्कर नेमताना आणि सांभाळताना : अनुभव धागा (अमेरिकेतली कम्युनिटी कॉलेजं)

फॉलची_तयारी
कपाट आवरताना कागदी टाइमशीटांचा जुना गठ्ठा हाती लागला. फॉल तोंडावर आहेच, तर म्हटलं धागा काढावा. कॉलेजात मुलं कामाला ठेवणारे आपल्यातही बरेच आहेत.

वर्क-स्टडीपासून, म्हणजे फेडरल मदतीतून पगार मिळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कामापासून, सुरुवात करते, घोळ तिथेच जास्त. ३,००० डॉलरचा अवॉर्ड म्हणजे तेवढी रक्कम हातात पडत नाही, तेवढं कमवायची मुभा मिळते. तासाला १५ डॉलर धरले तर २०० तास. दोन सेमिस्टर मिळून ३२ आठवडे, म्हणजे आठवड्याला जेमतेम सव्वासहा तास. नवा सुपरवायझर हौसेने दहा-दहा तास लावतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर अवॉर्ड संपतो. पुढचा सगळा पगार डिपार्टमेंटच्या बजेटमधून, किंवा मग मूल घरी. हा भागाकार पहिल्याच दिवशी मुलाला शेजारी बसवून करा आणि दर पगाराला उरलेले तास त्याला दाखवा.

क्लासच्या वेळेत वर्क-स्टडीचं काम चालत नाही. क्लास रद्द झाला तर चालतं, पण तशी लेखी नोंद हवी. म्हणून मुलाचं वेळापत्रक टाइमशीटच्याच फाइलला लावायचं आणि सही करण्याआधी दोन्ही ताडून बघायची. अ‍ॅड-ड्रॉपची (विषय घ्यायची-सोडायची) मुदत संपली की नवं वेळापत्रक मागायचं, जुन्यावर विसंबायचं नाही.

पेरोलताई
आय-९, म्हणजे अमेरिकेत काम करायची परवानगी आहे का ते तपासायचा फॉर्म, त्याबद्दल लिहितेच. पहिला भाग मुलाने फार तर कामाच्या पहिल्या दिवशी भरायचा. दुसरा आपण, तिथून ३ कामाच्या दिवसांत, मूळ कागद बघून. सोमवारी रुजू झाला तर गुरुवार शेवटचा. फोनमधला फोटो चालत नाही. अमुकच कागद आण असं सांगायचं नाही, यादी पुढे ठेवायची आणि निवड त्याची. फोटो असलेलं कॉलेजचं ओळखपत्र आणि सोशल सिक्युरिटी कार्ड एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. अडतं कुठे? कार्ड आईकडे, आई दुसऱ्या राज्यात. ऑफर देतानाच यादी पाठवा, तो आठवडा वाचतो.

आणखी एक. स्वतःच्याच कॉलेजात काम करणाऱ्या आणि निदान अर्धवेळ शिकणाऱ्या मुलाच्या पगारातून सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर कराचे ७.६५ टक्के कापले जात नाहीत. उन्हाळ्यात क्लास घेतला नाही तर कापले जातात. जूनमध्ये पगार कमी का आला, हा प्रश्न ठरलेला. मेमध्येच सांगून टाका.

नागपूरचा_बाबा
माझी मुलगी जानेवारीत एफ-१ या स्टुडंट व्हिसावर एका कम्युनिटी कॉलेजात जातेय. तिला हे वर्क-स्टडी मिळेल का?

पेरोलताई
नाही हो दादा, ते फेडरल मदतीतलं, एफ-१ ला लागू नाही. पण कॉलेजच्या स्वतःच्या पैशातल्या जागा तिला चालतात. सत्र सुरू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत. कॅम्पसवरच्या दोन नोकऱ्या असल्या तर दोन्ही मिळून २०, आणि या आठवड्यात १५ केले म्हणून पुढच्यात २५ असं होत नाही. तास ओलांडले तर व्हिसाच्या दर्जावर येतं, म्हणून तिने स्वतःच मोजत राहावं. सोशल सिक्युरिटी नंबरासाठी दोन पत्रं लागतील, एक नेमणाऱ्या विभागाचं, एक इंटरनॅशनल ऑफिसचं. काळजी करू नका, मार्गी लागेल.

शेल्फरीडर
कुकर लावलाय, पटकन लिहिते. लायब्ररीवाल्यांनो, मुलाखतीत गप्पा कमी करा आणि दहा कार्डं हातात द्या. प्रत्येकावर एक कॉल नंबर (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा), पाच मिनिटांत ओळीने लाव म्हणायचं. आमच्याकडे लायब्ररी ऑफ काँग्रेसची पद्धत आहे. क्यूए ७६.७३ आणि क्यूए ७६.९ यांत आधी कोण? नव्वद टक्के चुका इथेच, कारण ९ हा ७३ पेक्षा लहान वाटतो. ठिपक्यानंतर दशांश, म्हणून ७६.७३ आधी. पण ठिपक्याच्या आधी सरळ आकडा, म्हणून क्यूए ८ हा क्यूए ७६ च्या आधी. खालच्या ओळीत पुन्हा दशांश, .बी३५ हे .बी४ च्या आधी. चुकला तर नाकारू नका, एकदा समजावून दुसरी दहा द्या. दुसऱ्यांदा जो बरोबर लावतो तो मुलगा घ्यायचा.

पहिले दोन आठवडे त्याने लावलेली पुस्तकं आडवी, कणा वर करून ठेवायला सांगा. तपासून मगच उभी करायची. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा.

काउंटरवाला
फायनान्शियल एडच्या काउंटरवर मुलं असतील तर फेर्पा (विद्यार्थ्याची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा) आधी शिकवा, फोन उचलणं नंतर. पालक फी विचारायला फोन करतात, आवाज रडवेला असतो, मूल विरघळतं. कॉलेजात प्रवेश घेतला की माहितीवरचा हक्क विद्यार्थ्याचा, तो सतरा वर्षांचा असला तरी. एकच वाक्य छापून फोनशेजारी चिकटवा : "ही माहिती मला देता येत नाही, अधिकाऱ्यांशी जोडून देतो." लॉगिन प्रत्येकाचं वेगळं, आणि मित्रमैत्रिणीचा रेकॉर्ड कामासाठीही उघडायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा.

सातारकर
वाचताना कर्मवीर अण्णा आठवले. १९४७ साली साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघालं, तिथली कमवा व शिका. तिथेही हजेरी लागते ती झालेल्या कामावरच ना.

फॉलची_तयारी
अगदी. रयतच्या कुणी तिथल्या नोंदवहीबद्दल लिहिलं तर वेगळा धागा काढा, मी येईन.

ट्यूटरमावशी
ट्यूटर नेमताना त्या विषयात ए किंवा बी आणि शिक्षकाची शिफारस, एवढं तरी हवंच. सीआरएलए ही ट्यूटर-प्रशिक्षणाला मान्यता देणारी संस्था, तिच्या पहिल्या पातळीला १० तास प्रशिक्षण आणि २५ तास प्रत्यक्ष शिकवणं लागतं, तास पहिल्या दिवसापासून नोंदवा, मागून जुळवता येत नाहीत. प्रशिक्षणात एकच गोष्ट घोटून घ्या : पेन्सिल शिकणाऱ्याच्या हातात. ट्यूटरने हातात घेतली की गृहपाठ ट्यूटरचा झाला.

काउंटरवाला
शिफ्ट किती तासांच्या लावता सगळे?

शेल्फरीडर
दोन ते तीन. चार केली की शेवटचा तास वाया. आणि बदलीत दहा मिनिटं दोघं एकत्र ठेव, नाहीतर अर्धवट राहिलेलं काम कुणालाच कळत नाही.

ट्यूटरमावशी
सोळाव्या आठवड्यात परीक्षा. त्या आठवड्याचे तास दहाव्या आठवड्यातच विचारून घ्या आणि निम्मेच धरा. यातली कितीतरी मुलं बाहेर दुसरी नोकरी करतात, काहींची लेकरं लहान आहेत. परीक्षेच्या आठवड्यात काउंटर थोडा लवकर बंद झाला तर चालेल, पण मूल नापास व्हायला नको गं.

काउंटरवाला
रात्रीची शेवटची शिफ्ट लावताना शेवटच्या बसची वेळही बघा. काउंटर नऊला बंद, बस नऊ पाचला, आणि गल्ला मोजायला पंधरा मिनिटं. मोजणी पावणेनऊला सुरू करायची, मोजायला दोघं. एकट्या मुलावर गल्ला सोडायचा नाही.

नागपूरचा_बाबा
पेरोलताई, पत्रांचं मुलीला कळवलं. तिकडे जानेवारीत थंडी किती असते हो, स्वेटर इथूनच घेऊ का?

शेल्फरीडर
थर्मल अमेरिकेतच घ्या, दादा. लोणचं मात्र नागपूरहूनच.