डायटम बुडताना विरघळतात, मग त्यांच्यातला सिलिकॉन जुन्या समुद्राचा पुरावा कसा?

तापीकाठची, भुसावळ:
नमस्कार मंडळी, एमएस्सी जिऑलॉजीला आहे, सेमिनारला सिलिकॉन आयसोटोप (सिलिकॉनचे हलके-जड प्रकार) आलाय. एवढं कळलं की डायटम, म्हणजे पाण्यातली सूक्ष्म शैवालं, पाण्यातली सिलिका घेऊन काचेसारखं कवच करतात आणि घेताना हलका सिलिकॉन-२८ जरा जास्त उचलतात, ३० मागे राहतो. पण मेल्यावर ते कित्येक किलोमीटर खाली बुडतात आणि बहुतेक कवचं वाटेतच विरघळतात म्हणे, मग तळाच्या गाळात उरलंसुरलं असतं त्यावरून हिमयुगातला समुद्र कसा सांगायचा? सर हेच विचारणार बघा.

बामणोदकर:
ताई, कवचात ३० आणि २८ चं गुणोत्तर मोजून जो आकडा येतो, तो कशाचा ते आधी पक्कं करा. बाजारात भरताच्या वांग्यांची पाटी उतरली की पहिले गिऱ्हाईक चांगली चांगली वेचून नेतात, नंतरच्यांना उरलेलीच. वरच्या पाण्यातही तेच, सिलिका भरपूर असेपर्यंत कवच पाण्यापेक्षा साधारण १.१ पर मिल (हजारात १.१) हलकं, मग सिलिका संपत गेली की उरलेलं पाणी जड आणि त्यात होणारं कवचही जड. म्हणजे आलेल्या सिलिकेतली किती टक्के वापरली गेली ते कळतं, डायटम किती पिकले ते नाही, इथे भले भले गल्लत करतात. खालून सिलिका आणणारं पाणीच कमी वर आलं तर थोडे डायटमसुद्धा सगळी संपवतील ना. १९९८ मध्ये डे ला रोशा आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकाभोवतीचा गाळ तपासला तर हिमयुगातली कवचं आत्ताच्यापेक्षा हलकी निघाली, म्हणजे तेव्हा तिथे वापर कमी टक्के.

गिरणाथडी:
विरघळण्याचं मी सांगतो. जेवढं कवच बनतं त्यातलं जेमतेम ३ टक्के गाळात कायमचं राहतं, खरंय, पण माल कमी होणं वेगळं आणि उरलेल्या मालातलं गुणोत्तर बदलणं वेगळं. विरघळताना हलका आधी सुटतो का यावर वाद आहे, २००९ च्या एका प्रयोगात अर्ध्या पर मिलच्या आसपास फरक दिसला, नंतरच्या प्रयोगात दिसला नाही. पण दक्षिण महासागरात खोलवर टांगलेल्या सेडिमेंट ट्रॅपमध्ये (बुडणारे कण गोळा करणाऱ्या सापळ्यात) जे पडलं त्यात, माल बराच घटूनसुद्धा, वरच्या पाण्याची खूण चांगली टिकलेली होती. उन्हाळ्यात तिथे कवचं दिवसाला २०० मीटरच्या वर वेगाने खाली जातात, हिवाळ्यात मात्र इतकी रेंगाळतात की पुढचा वसंत येतो. त्यामुळे गाळात जास्त वजन बहराच्या हंगामाचं, वर्षभराची सरळ सरासरी समजू नका.

अमळनेरकर:
भारी शे भाऊ! आपल्या केळीत बी सिलिका राहते ना, तिथे असं काही होतं का?

गिरणाथडी:
होतं की, बेल्जियमच्या लोकांनी केळीवर हे मोजलंय, ती पण हलकाच जास्त घेते. रावेर-यावलला कोणी मोजलं तर मजा येईल.

तापीकाठची, भुसावळ:
धन्यवाद सगळ्यांना. मग भीती कशाची, विरघळण्याची नाही तर?

बामणोदकर:
मातीची. चिकणमातीचा आकडा शून्याखाली (ठरलेल्या प्रमाण नमुन्यापेक्षा हलका) असतो, डायटमचा बहुधा वर, म्हणून थोडी माती राहिली तरी उत्तर खाली ओढलं जातं आणि तुम्हाला खोटं हिमयुग दिसतं. स्पंजचे काटेही तसेच, तेही हलके. म्हणून आधी ॲसिड, पेरॉक्साइड, चाळणी, जड द्रव, आणि शेवटी ॲल्युमिनियम मोजून बघायचं, ती माती उरल्याची खूण, जास्त निघालं तर सॅम्पल परत धुवायचं. सेमिनारला एक स्लाइड यावरच ठेवा.