पट्टा मिळाला, पण बांबूचं काय?

वनहक्काचा पट्टा, म्हणजे जंगलावरचा हक्क मान्य करणारा सरकारी कागद, हातात पडला की प्रश्न मिटला, असं काही जण म्हणतात. इतकं सोपं नाही हो. गडचिरोलीतलं मेंढा-लेखा हे गाव घ्या. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २००६ च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलात मिळणारी वस्तू, म्हणून स्पष्ट लिहिलेला; म्हणजे तो विकायचा हक्क गावाचा. तरी बांबू जंगलाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना वनखात्याच्या खिशात! परवाना नाही तर गाडी नाक्यावर अडणार, मग व्यापारी बांबू घेईल कशाला? एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा कुठे परवान्याचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणणाऱ्या संघटित गावाची ही गत. बाकीच्या पाड्यांवर तर दाव्याची पोच मिळवतानाच जोडे झिजतात.