इटालियन ‘आंदारे’चा बाप कोण?

पायपीट (धागाकर्ता):
इटालियनमध्ये ‘जाणे’ म्हणजे ‘आंदारे’. रूपं मात्र दोन घराण्यांची: मी जातो ‘वादो’, आपण जातो ‘आंदियामो’. वादो हे लॅटिन ‘वादेरे’चं, त्यावर वाद नाही (श्लेष आपोआप झाला). भांडण आहे ‘आंद-’वर. माझ्या मते मूळ लॅटिन ‘अंबुलारे’, म्हणजे चालणे. फ्रेंच ‘आले’, कॅटलान ‘आनार’, स्पॅनिश ‘आंदार’ ही त्याचीच भावंडं. आठव्या शतकातल्या रायशेनाउ शब्दसूचीत (अवघड लॅटिन शब्दांचे सोपे अर्थ देणारी यादी) जुन्या लॅटिन ‘इरे’च्या (जाणे) रूपाचा अर्थ अंबुलारेचं रूप देऊन सांगितलाय. चालण्याचं जाणं झालंच होतं की!

खडूस_व्याकरणी:
अर्थ जुळला, ध्वनींचं काय? अंबुलारेतला ‘ल’ गेला कुठे आणि ‘द’ उपटला कुठून? रोमानियनमध्ये त्याच शब्दाचं ‘उंब्ला’ झालं, ब आणि ल दोन्ही शाबूत. मी ‘अंबितारे’च्या बाजूने. ‘अंबिरे’ म्हणजे भोवती फिरणे, त्याचं हे पुनःपुन्हा करण्याचं रूप. इ आणि ब गळले, ‘त’चा ‘द’ झाला.

पायपीट:
अंबितारे लॅटिन ग्रंथांत सापडत नाही, ते अभ्यासकांनी कल्पिलेलं रूप आहे. आणि लॅटिन ‘कोमितेम’चं (सोबती) स्पॅनिशमध्ये ‘कोंदे’ झालं तरी इटालियनमध्ये ‘कोंते’च राहिलं. त्या हिशेबाने ‘आंतारे’ व्हायला हवं होतं.

खडूस_व्याकरणी:
‘स्त्राता’चं (रस्ता) ‘स्त्रादा’, ‘पात्रेम’चं (वडील) ‘पाद्रे’ इटालियनमध्येच झालं ना? (आपल्याकडचा पाद्री पोर्तुगीजांकडून आला, घराणं तेच.)

चहाटळ:
दोन घराण्यांचं एवढं कौतुक कशाला? आपलं ‘जातो’ संस्कृत ‘या’वरून, ‘गेला’ ‘गम्’वरून, आणि कुणाचं काही अडत नाही. लॅटिन इरेची ‘ईस’, ‘ईत’ अशी एकाक्षरी रूपं बोलण्यात टिकेनात, म्हणून दुसरी क्रियापदं तिथे घुसली. बाकी मी पायपीट यांच्या बाजूने. रोमच्या बोलीत आजही ‘आन्ना’ म्हणतात. तिथे ‘न्द’चा ‘न्न’ होतो, ‘क्वान्दो’चं (केव्हा) ‘क्वान्नो’. मग मूळचं ‘आन्नारे’च असेल आणि शिकलेल्यांनी ते अशुद्ध समजून त्यात ‘द’ घातला असेल तर?

खडूस_व्याकरणी:
पण कास्तिलच्या (मध्य स्पेनमधला प्रांत) स्पॅनिशमध्ये ‘न्द’चा ‘न्न’ होतच नाही. तिथल्या ‘आंदार’मध्ये द कुणी घातला?

पायपीट:
स्पॅनिशचं मूळ वेगळं असू शकतं.

खडूस_व्याकरणी:
म्हणजे एक भावंड घराबाहेर काढलंत!