मदत हवी आहे: फोम-लॅटेक्सचा राक्षस चिकट राहतोय आणि कोपरात फाटतोय

नमस्कार मंडळी,

बेळगावातून लिहितोय. सोफा, दिवाण, कुशन, मोटारीच्या सीटा हे माझं वीसेक वर्षांचं काम. म्हणजे फोम कसा कापायचा हे मला कुणी शिकवायला नको. पण लॅटेक्सनं (रबराच्या झाडाचा चीक) माझी पार अब्रू घालवली, म्हणून हा धागा.

झालं असं की माझा भाचा आणि त्याचे कॉलेजातले तिघं मित्र मिळून मोबाईलवर वीस मिनिटांचा सिनेमा करताहेत. खानापूर तालुक्यात मातीसाठी खणलेली एक जुनी खाण पावसात भरते, तिच्यातून गाळातलं जनावर वर येतं आणि रात्री वस्तीत फिरतं, अशी गोष्ट. भाचा दुकानात येऊन म्हणाला, “मामा, तुझ्यात फोम हाय की. एक राक्षस करून दे की.” मी हो म्हणून बसलो. (बाहेरगावच्यांसाठी सांगतो, आमच्याकडं ३१ डिसेंबरच्या रात्री कॅम्पात आणि गल्लोगल्ली ओल्ड मॅन जाळतात. पेंढा, जुने कपडे, मुखवटा असा सगळा थाट. लहानपणी मी ते पुष्कळ केलेत. त्यामुळं वाटलं, हे काय, त्याचंच थोरलं भावंड. पण ओल्ड मॅनला चालायचं नसतं, नुसतं जळायचं असतं.)

आतापर्यंत काय केलं ते सगळं सांगतो, चूक कुठं झाली ते कळायला बरं.

अंगात शिरणारा पोरगा पाच फूट अकरा इंच. त्याला जुनी चादर गुंडाळली, वरून पॅकिंग टेप मारली, पेनानं शिवणी आखल्या आणि पाठीतून कापून सोलून काढला. त्या सालीवरून खाकी कागदाचे साचे काढले. इथपर्यंत खुर्चीचं कव्हर बेतण्यासारखंच. मग एक इंची ३२ डेन्सिटीचा फोम, छातीला आणि खांद्याला दोन इंची. जोड एसआरनं (फोम चिकटवायचा रबरी गोंद). दोन्ही बाजूंना लावून दहा मिनिटं सुकू दिलं, बोटाला चिकटेनासं झालं की दाबलं. एकही जोड सुटलेला नाही, हे अभिमानानं सांगतो.

मग लॅटेक्स. दोडामार्गकडं रबराच्या बागा आहेत, तिथल्या एका ओळखीच्याकडून पंधरा लिटरचा कॅन आणला. दुधासारखं पांढरं, अमोनियाचा वास असा की डोळ्यांतून धारा. आईनं कॅन माडीवर चढूच दिला नाही. ब्रश भरभरून थेट फोमवर लावलं. फोमनं ते टोस्टानं चहा प्यावा तसं पिऊन टाकलं. मी लावतोय, तो पितोय. एकेक हात सव्वादोन किलोचा झाला. आज नऊ दिवस झाले, वरून पिवळट झालंय, पण दाबलं की आतून अजून ओलं लागतं. बाहेर श्रावणातला पाऊस, दुकानात भिंतीसुद्धा घामेजल्यात.

जिथं सुकलंय तिथंही बोट चिकटतं. दोन बोटं एकमेकांना लागली तर सोडवताना कातडं निघतं. कोपर आणि गुडघा वाकवला की आतल्या बाजूला फाटतं. वरून गडद हिरवा ऑइल पेंट मारला होता, तो चार दिवसांत भेगाळला आणि त्याच्याखालचं रबर सुजल्यागत झालं. पंज्याची बोटं वळावीत म्हणून आत मोटार रिवाइंडिंगची तांब्याची तार घातली होती. तारेजवळचं रबर तपकिरी पडून गुळासारखं झालंय.

दिवाळीनंतर शूटिंग. फोम टाकून द्यायची माझी तयारी आहे, पण तेच तेच परत करायची नाही. कुणी हे काम केलंय का? यूट्यूबवर सगळे अमेरिकेतले डबे दाखवतात, ते इथं कुठं मिळायचे?

— सोफासेट

*

शाडूमाती:
तुम्ही आणलेलं लॅटेक्स नुसतं बागेतलं आहे की सेंट्रिफ्यूज केलेलं, ते आधी विचारून घ्या. झाडातून निघतं त्यात रबर तीस-चाळीस टक्के असतं, यंत्रात फिरवलेल्यात साठ टक्के. पण खरा घोटाळा वेगळाच दिसतोय. एक काम करा. काचेवर पातळ थर लावा, पूर्ण सुकू द्या, पट्टी सोलून दुप्पट ताणा आणि सोडा. परत मूळ लांबीवर येते का?

सोफासेट:
केलं. चार इंचाची पट्टी ताणून सोडली, पाच इंचाच्या वर राहिली. आणि बोटांत धरून ठेवली तर च्युइंगमसारखी होते.

शाडूमाती:
मग हे कच्चं आहे. तुमची चूक ब्रशमध्ये नाही, कॅनमध्ये आहे. कच्चं रबर सुकतं, पण पक्कं होत नाही. उन्हात चिकट, थंडीत कडक. त्यात गंधक, झिंक ऑक्साइड आणि गती देणारी रसायनं घालून ऊब देतात, तेव्हा रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात. ते काम पातळ असतानाच करून ठेवलेलं जे लॅटेक्स मिळतं ते प्रीव्हल्कनाइज्ड. ते नुसतं हवेत सुकलं तरी ताणून परत जागेवर येतं.

आणि ते अमेरिकेतून आणायला नको. पीओपीच्या मूर्ती करणारे रबरी साचे कशाचे करतात? याचंच. मूळ मूर्तीवर पातळ थरावर थर, मधे मलमलीचे तुकडे, आणि तो साचा शेकडो वेळा सोलून काढला तरी फाटत नाही. तुमच्या राक्षसाचं कातडं म्हणजे उलटा घातलेला साचा, असं समजा. जवळच्या मूर्तिकाराकडं जा. फक्त गणपतीच्या तोंडावर जाऊ नका, हाकलून देतील.

घरी गंधक घालून शिजवायच्या फंदात पडू नका. कुणीतरी हे सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो.

रंगकाम_चालू:
ऑइल पेंटचं सांगतो. तेल आणि टर्पेंटाइन हे नैसर्गिक रबराचे वैरी. रबर ते शोषून घेतं, फुगतं, मग मऊ पडून तुटतं. शिवाय पेंट सुकून कडक होतो आणि खालचं रबर ताणतं, मग भेगा पडणारच. रंग लॅटेक्समध्येच मिसळा, पाण्यातला अ‍ॅक्रिलिक चालतो. ओला असताना फिक्का दिसेल, कारण दूध पांढरं आहे. सुकल्यावर पांढरेपणा जातो आणि रंग दोन-तीन छटा गडद होतो. तुम्हाला हवा त्याहून फिक्का कालवा. शेवटचा हात रंगीत लॅटेक्सचाच कोरड्या ब्रशनं, नुसत्या उंचवट्यांवरून. गाळातलं जनावर आहे तर नुसतं हिरवं करू नका हो, सगळ्यांचे राक्षस हिरवेच असतात. खानापूरच्या मातीचा तांबूस-करडा रंग घ्या.

शाडूमाती:
तांब्याचं राहिलं. तांबं आणि मँगनीज रबराला कुजवतात. तुम्ही जे गुळासारखं म्हणताय ते तेच. बोटांत तार घालूच नका, पोराची स्वतःची बोटं आहेत की! अगदीच हवी तर अ‍ॅल्युमिनियमची, प्लास्टिकच्या नळीत घालून. लॅटेक्स ठेवायलाही तांब्या-पितळेचं भांडं नको, प्लास्टिकची बादली. ब्रश बुडवण्याआधी साबणाच्या पाण्यात भिजवून पिळा, नाहीतर एका थराला एक ब्रश फेकावा लागेल.

सोफासेट:
ब्रश आतापर्यंत अकरा फेकले. हे आधी कुणी सांगितलं असतं तर!

फोम पितो त्याचं काय करू?

मागावरचा:
फोमला थेट लॅटेक्स लावूच नका. आधी कापड. बनियनचं होजियरी कापड फोमवर ओढून चिकटवा, चारही बाजूंना ताणणारं. लॅटेक्स त्या कापडात बसेल, फोमपर्यंत फार जाणार नाही. वजन निम्म्यावर येईल, पैज लावतो. मी नाटकासाठी एक अस्वल असं केलं होतं, सगळं मिळून साडेसहा किलो भरलं.

सुरकुत्यांसाठी कापूस पातळ पसरून लॅटेक्सनं दाबायचा, बोटानं ओढून घड्या पाडायच्या. सुकला की म्हाताऱ्या हत्तीच्या कातडीसारखा दिसतो. मागावरचं टाकाऊ सूत लॅटेक्समध्ये बुडवून दोरीवर वाळत घाला, मग खांद्यावरून सोडा: शेवाळ. तुमच्या वडगाव-शहापुरात सुताला काय तोटा!

आणि कोपरात फोम ठेवलाय ना? तो काढा. सोफ्याला सांधा नसतो, माणसाला असतो. कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागं नुसतं कापड आणि दोन पातळ थर. हात वाकवलेल्या स्थितीत सुकवायचा, म्हणजे घडी तिथंच बसते. सरळ सुकवला तर वाकवताना ताण सगळा एकाच रेषेवर येतो आणि तिथंच फाटतं.

सोफासेट:
“सोफ्याला सांधा नसतो.” वीस वर्षं फुकट गेली म्हणायची. मी हात सरळ लटकवूनच सुकवले होते, हँगरला.

पातळ थर म्हणजे किती वेळ? इथं ऊन दिसत नाही.

मागावरचा:
वेळ घड्याळावर नको, रंगावर बघा. पांढरेपणाचा एक ठिपकाही राहिला असेल तर पुढचा थर नाही. कोरड्या हवेत पंख्याखाली अर्ध्या तासात होतं, तुमच्याकडच्या पावसात तीन-चार तास धरा. जाड थराची वरची साय आधी सुकते आणि आतलं पाणी कोंडून राहतं, तेच तुमच्या हातांचं झालंय. पूर्ण सुकल्यावर टाल्कम पावडर सगळीकडं, घडीत सुद्धा. आणि एसआर लावताना शेगडी, हॅलोजन काही नको, त्याची वाफ पेट घेते. हे तुम्हाला माहीतच असेल.

सोफासेट:
ते माहीत आहे. एकदा पडदा गेलाय.

रात्रपाळी:
धागा वाचत होतो, कुणीच विचारलं नाही म्हणून विचारतो. जनावर खाणीतून वर येतं म्हणालात. म्हणजे तो पोरगा हा सूट घालून खाणीच्या पाण्यात उतरणार आहे?

सोफासेट:
हो, भाच्याचा तोच मुख्य शॉट आहे. पोराला पोहता येतं.

रात्रपाळी:
पोहता येण्याचा इथं काही उपयोग नाही. तुमचा फोम उघड्या छिद्रांचा आहे. आधी तरंगवेल, मग पाणी पीत जाईल, आणि वर यायच्या वेळेला अंगावर पोतंभर पाणी असेल. मुखवट्यातून खाली दिसत नाही, पंज्यांनी कशालाच धरता येत नाही, चेन पाठीवर. त्यात मातीच्या खाणीला उतरता काठ नसतो, दोन पावलांवर खोल असते. मी अग्निशमन दलात होतो, अशा खाणींवर पावसाळ्यात आमची धाव असायचीच. नाही म्हणून सांगा भाच्याला.

मोठ्या सिनेमावाल्यांनीही हे एका सूटमध्ये केलं नाही. १९५४ साली युनिव्हर्सलनं काळ्या खाजणातल्या जीवाचा तो गाजलेला सिनेमा काढला, ‘क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून’. त्यात जमिनीवर बेन चॅपमन होता आणि पाण्याखाली रिकू ब्राउनिंग. वेगळा माणूस, वेगळा सूट, आणि ब्राउनिंग पट्टीचा पोहणारा. त्याच वर्षी जपानात पहिला गॉडझिला झाला, त्याचा सूट इतका जड की आतला हारुओ नाकाजिमा काही मिनिटांतच थकून जायचा.

कोरड्या जमिनीवरसुद्धा नियम करा. पंधरा मिनिटं आत, मग डोकं काढायचं आणि पाणी प्यायचं. बरोबर एक माणूस फक्त त्याच्यासाठी, ज्याच्या हातात कॅमेरा नाही. आत सुती कपडे. आणि त्याला रबरी हातमोज्यांनी किंवा फुग्यांनी कधी खाज, पुरळ, धाप लागली होती का ते आधी विचारा. लागली असेल तर दुसरा पोरगा शोधा, करून बघू म्हणू नका.

सोफासेट:
खरं सांगू, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कातडं फाटतंय एवढंच बघत बसलो. बहिणीला हे कळलं असतं तर तिनं मलाच खाणीत ढकललं असतं.

काल भाच्याला दुकानात बसवून सगळं वाचायला दिलं. तोंड पाडून बसला. “मग सिनेमात राहतंय काय मामा?” मी म्हटलं, वर काय येतं? डोकं. मग डोकंच येऊ दे. जुन्या सूटचं डोकं वाया गेलेलंच आहे, आत पोकळ. ते बांबूला बांधायचं, काठावरून दोरीनं ओढायचं, हळूहळू वर. डोक्यावर शेवाळाचं सूत. पुढच्या शॉटला काठाच्या झुडपामागून पूर्ण अंग येतं, पाठीवर पाण्याच्या दोन बादल्या ओतलेल्या. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “रात्रीचं घेतलं तर कळायचं न्हाई.” म्हणजे जमलं म्हणायचं.

रात्रपाळी:
दोरी ओढणाराही काठापासून लांब. एवढं पाळा.

सोफासेट:
पाळणार.

सहा दिवसांनी लिहितोय. निपाणीजवळच्या एका मूर्तिकाराकडं गेलो होतो. सगळीकडं गणपती, पाय ठेवायला जागा नाही. त्यानं आधी ऐकून घेतलंच नाही, मग राक्षसाचं नाव काढल्यावर हसला आणि पाण्याच्या बाटलीतून अर्धा लिटर पक्कं लॅटेक्स दिलं. बाकीचं अनंत चतुर्दशीनंतर ये म्हणाला. पैसे घेतले नाहीत. बदल्यात त्याच्या मुलाच्या स्कूटरची सीट करून द्यायची आहे.

त्यातनं एकच हात केला. अर्ध्या इंची फोम, वर बनियनचं कापड, कोपर मोकळं, हात वाकवून सुतळीनं बांधून ठेवला, चार पातळ थर पंख्याखाली. रंग मातीचा. वजन सहाशे ग्रॅमच्या आत आलं. बोट चिकटत नाही. मनगटापाशी मात्र कापडाची शिवण कातड्यातून उठून दिसते, ती कशी लपवू? शिवण सोडून चालणार नाही, तिथं पंजा जोडायचाय.

मागावरचा:
शिवणीवर कापूस, लॅटेक्सनं दाबून, कडा फाडलेल्या ठेवा, कापलेल्या नाहीत. आणि कोपराचा फोटो टाका, पन्नास वेळा वाकवून झाल्यावरचा.